पित्तच असणार

आमच्या किकवी गावात डोकं दुखत असेल तर डॉक्टर शोधत हिंडावं लागत नाही. कपाळाला हात लावून पायरीवर बसलं की निदान आपल्या पायांनी चालत येतं. आमची पिठाची गिरणी असल्यामुळे मला तर ते जागेवर मिळतं. दळण टाकून बसलेल्या माणसांना पीठ होईपर्यंत दुसरा उद्योग नसतो, आणि समोर गिरणीवाली वहिनी डोळे बारीक करून डबे उचलत असते. मग मोटर आणि पट्ट्याच्या वर आवाज चढवून कोणीतरी सांगतं, "वहिनी, पित्त झालंय तुम्हाला!" शेजारचा दुजोरा देतो, "पित्तच! काल काय खाल्लं व्हतं?" आवाजानं जिचं डोकं फुटायची वेळ आली आहे तिला ही बातमी ओरडूनच द्यावी लागते. त्याला गिरणी जबाबदार आहे, माणसं नाहीत. माणसं चांगली आहेत. माझी तक्रार आहे ती फक्त त्यांच्या एकमताबद्दल.

इंटरनॅशनल हेडेक सोसायटी नावाची एक संस्था आहे. तिने 1988 साली डोकेदुखीच्या प्रकारांचं वर्गीकरण छापलं. त्याची तिसरी आवृत्ती 2018 साली पूर्ण झाली आणि तिची 14 प्रकरणं आहेत. खोकल्याने उठणारी डोकेदुखी त्यात आहे. आइस्क्रीम घाईने गिळल्यावर कपाळात जाणारी कळ आहे. विमान खाली उतरताना दुखणारं डोकंही आहे. पित्ताला मात्र प्रकरण दिलेलं नाही. या मंडळींनी एक दिवस आमच्या गिरणीत दळण टाकून बसायचं होतं, तीस वर्षांची मेहनत वाचली असती.

गावाने हे निदान हवेतून काढलेलं नाही, हेही सांगायला हवं. डोकं ठणकतं, मळमळतं, शेवटी उलटी होते, उलटीत पिवळं कडू पाणी पडतं आणि थोड्या वेळाने बरं वाटतं. पिवळं पाणी डोळ्यांनी पाहिल्यावर आणखी पुरावा कोणाला हवा? सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, त्या पोटातून दुसरं काय पडणार, हा प्रश्न उद्धटपणाचा समजला जातो. खरं म्हणजे मळमळ आणि उलटी ही मायग्रेनची, म्हणजे आपल्या अर्धशिशीची, लक्षणं आहेत. बिघाड मेंदूच्या आणि नसांच्या कारभारात असतो, पोट त्यात नंतर ओढलं जातं. काहींचा झटका उलटी झाल्यावर उतरतो, हेही डॉक्टरांना माहीत आहे. थोडक्यात, गावाने साक्षीदाराला आरोपी केलं आहे, आणि गेली कित्येक वर्षं तो कोकम सरबताची शिक्षा भोगतो आहे.

आता आमच्या घरातल्या दोन डोकेदुख्यांबद्दल. एक ह्यांची आणि एक माझी.

ह्यांचं डोकं जगातल्या सर्वांत प्रचलित प्रकारचं आहे. त्याला ताणाची डोकेदुखी म्हणतात. दोन्ही बाजूंनी दुखतं, ठणकत नाही, कपाळाभोवती काहीतरी आवळून बांधल्यासारखं वाटतं. जोर बेताचा असतो. उलटी होत नाही. अर्ध्या तासात थांबेल किंवा आठवडाभरही मागे लागेल. ह्यांना ते पतसंस्थेच्या हप्त्याच्या सुमारास आणि विजेचं बिल आल्यावर येतं, त्यामुळे कारण शोधायला फार खोलात जावं लागत नाही. मान आणि खांदे ताठ होणं, झोप अपुरी पडणं, दिवसभर एकाच अवघड पद्धतीने बसणं, हे सगळं त्यात भर घालतं. उपायही साधा आहे. पाणी प्यावं, काहीतरी खावं, मान मोकळी करावी, थोडं चालावं, आणि अगदीच नको झालं तर पॅरासिटामॉलची किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घ्यावी. महिन्यातून निम्म्याहून जास्त दिवस दुखत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर रात्री घ्यायचं निराळं औषध देतात.

या प्रकाराची एक खूण मला फार महत्त्वाची वाटते. चालल्याने किंवा जिना चढल्याने ही डोकेदुखी वाढत नाही. मायग्रेन वाढतो. म्हणजे शास्त्राने ह्यांना हिंडण्याफिरण्याची पूर्ण मुभा दिली आहे, आणि मला पडून राहायला सांगितलं आहे. आमच्या घरी याची अंमलबजावणी बरोबर उलटी होते. ह्यांचं डोकं दुखलं की कपाळाला उपरणं बांधलं जातं, पंखा लावला जातो, पोरांना गप्प केलं जातं आणि सुंठ उगाळायला सहाण शोधली जाते. सहाण मी शोधते. माझं दुखलं की भाकरी थापता थापता दुखतं. कारण ह्यांचं दुखणं कधीतरी येतं, म्हणून त्याला पाहुण्याचा मान. माझं महिन्याला येतं. त्याला घरचं धरलेलं आहे.

मायग्रेनचे निकष मला आता तोंडपाठ आहेत. पुण्यातल्या एका मेंदूविकार तज्ज्ञांनी ते सांगितले, आणि दळणाच्या रांगेपुढे उजळणी करायला मला भरपूर वेळ मिळतो. औषधाने न थांबवता सोडलेला झटका 4 ते 72 तास चालतो. एका बाजूला दुखणं, ठणकणं, मध्यम किंवा तीव्र जोर, आणि हालचालीने वाढणं, या चारांपैकी किमान दोन गोष्टी हव्यात. जोडीला मळमळ-उलटी हवी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे व्हायला हवेत. असे किमान पाच झटके आलेले असले म्हणजे नाव पक्कं. रक्त तपासावं लागत नाही, आणि तपासून सगळं ठीक असेल तर डोक्याचा फोटोही काढावा लागत नाही. फक्त कोणीतरी प्रश्न विचारून उत्तर संपेपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. आमच्याकडे नेमका याच यंत्राचा तुटवडा आहे.

चारांपैकी दोन पुरतात, हे गावाला मान्य नाही. अर्धशिशी म्हटलं की अर्धंच डोकं दुखलं पाहिजे, आणि तेही कायम तेच अर्धं. मागच्या वेळी माझी डावी बाजू दुखली होती, या वेळी उजवी दुखते म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी शेतीच्या वाटणीत खोटा सातबारा पुढे केला आहे. बाजू बदलू शकते. बऱ्याच जणांना दोन्ही बाजूंना दुखतं. दर वेळी उलटी होईलच असंही नाही. पण उलटी झाली तर पित्त आणि नाही झाली तर नाटक, असे दोनच रकाने असल्यावर काय करणार.

माझ्या एका जावेचा तर तिसराच रकाना झाला होता. तिला डोकं दुखायच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं डोळ्यांपुढे चकाकणारी नागमोडी रेघ दिसते, हळूहळू पसरते आणि मधला भाग दिसेनासा होतो. या रेघेला मायग्रेनच्या आधीचा 'ऑरा' म्हणतात. ती साधारण 5 मिनिटं ते तासभर टिकते आणि आपोआप जाते. या रेघेची तुलना युरोपातल्या डॉक्टरांनी तटबंदीच्या नकाशाशी केली. राजगड, तोरणा आणि रोहिडा ज्या मुलखात आहेत तिथल्या बाईला तट दिसावेत, यात नवल काय! पण तिच्या सासरच्यांनी अमावास्या कधी होती ते आधी पाहिलं. मिरच्या-मीठ उतरून झालं. रेघ वीस मिनिटांत गेली, त्यामुळे मिरच्यांचं नाव झालं. या गडबडीत एक कामाची गोष्ट राहून गेली, ती इथे लिहून ठेवते. असा ऑरा येणाऱ्या बाईने पाळणा लांबवायच्या गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना हे सांगायलाच हवं. त्यांतल्या इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी तिला पक्षाघाताचा धोका वाढतो.

आमच्या गावाला लागून जाणारा महामार्ग पुढे थेट बंगळूरला जातो. तिकडे कर्नाटकात 18 ते 65 वयाच्या लोकांची घरोघर पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2015 च्या सुमारास छापून आले. वर्षभरात साधारण दर चारांत एकाला मायग्रेन झालेला होता. बायकांत जास्त होता. आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त होता. हे मी गिरणीत वाचून दाखवलं. एक तात्या म्हणाले, "तिकडं इडली खात्यात. आंबवल्यालं. पित्त होणारच."

घरच्या निदानांपैकी एकच मला मनापासून मान्य आहे, आणि ते मान्य करावं लागणं ही स्वतंत्र तक्रार आहे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्यापासून सांगत आल्या आहेत की डोक्यावरून पाणी घेतलं की माझं डोकं दुखतं. गुरुवारी केस धुवायचे, गिरणीमुळे ते ओलेच बांधायचे, आणि दुपारी भिंतीला टेकायचं. मी याला अंधश्रद्धा म्हणत असे. मग कळलं, की मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ के. रविशंकर यांनी 2006 साली 'सेफलाल्जिया' या नियतकालिकात याच विषयावर लेख लिहिला आहे. डोक्यावरून आंघोळ केल्याने ज्यांचा मायग्रेन उठतो अशा 94 भारतीय रुग्णांची त्यात नोंद आहे. परदेशी पुस्तकांतल्या कारणांच्या यादीत चीज होतं, रेड वाइन होती. लांबसडक ओल्या केसांचं कोणी नाव घेतलं नव्हतं. आत्याबाईंना हे सांगितल्यापासून त्या शॅम्पूच्या पुडीबरोबर मला एक विशिष्ट हसू देतात.

उपवासाचंही तसंच. जेवणाची वेळ टळणं हे मायग्रेनला हमखास निमंत्रण आहे, आणि ज्यांना मायग्रेन नाही त्यांचंही डोकं आठ तास पोटात काही नसेल तर दुखू शकतं. त्याला वर्गीकरणात रीतसर जागा आहे. आता संकष्टीची रचना पाहा. सकाळी शेंगदाण्याच्या कुटाची साबुदाणा खिचडी, तीही सगळ्यांची वाढून झाल्यावर खालची खरवड. मग थेट चंद्रोदय. तो नऊच्या पुढेमागे, आणि श्रावणात ढग असले तर कॅलेंडरवर विश्वास ठेवून. दुपारी चारला माझं डोकं चालू होतं. "देवाचं करताना डोकं कसं दुखेल?" असा प्रश्न येतो. मी देवाला दोष देत नाही. गणपतीला एवढं मोठं डोकं आहे, त्याला माझी अडचण कळत असणार.

चहाबद्दल थोडक्यात. रोज चार-पाच कप रिचवणाऱ्याने एकदम चहा सोडला तर दिवसभरात डोकं दुखायला लागतं, आणि ते आठवड्याच्या आत थांबतं. आमच्या आळीतल्या एका अण्णांनी वैद्यांच्या सांगण्यावरून चहा सोडला, दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं, एक कप घेतल्यावर तासात थांबलं. त्यावरून चहा हे औषध असल्याचं त्यांनी जाहीर केलं. हळूहळू, रोज अर्धा-एक कप कमी करत सोडायचा असतो, एवढंच कोणी सांगितलं नव्हतं.

बामावर मात्र सविस्तर बोललं पाहिजे.

अमृतांजन 1893 साली मुंबईत सुरू झालं. काशिनाथुनी नागेश्वर राव नावाच्या आंध्रातल्या गृहस्थांनी ते काढलं, आणि गाण्याच्या मैफलींत फुकट वाटून त्याचं नाव केलं, असं सांगतात. गाणं आणि डोकेदुखी यांचा संबंध ज्याला दिसला तो माणूस व्यापारात पुढे जाणारच. पुढे कारखाना मद्रासला गेला, पण महाराष्ट्राने उपकारांची आठवण ठेवली. खंडाळ्याच्या घाटात 1830 साली बांधलेला इंग्रजी अमदानीतला दगडी पूल होता. या बामाच्या जाहिरातीवरून त्याला अमृतांजन पूल म्हणू लागले. किल्ल्याला राजाचं नाव असतं, धरणाला पुढाऱ्याचं. डोकेदुखीच्या मलमाचं नाव पुलाला देणारं राज्य आपलंच. तो पूल द्रुतगती महामार्गावर वाहतुकीची कोंडी करायचा, म्हणून एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीने रस्ता रिकामा असताना, सुरुंग लावून पाडला. म्हणजे शेवटी शेवटी त्यानेच डोकेदुखी केली होती.

बाम थोतांड नाही. मेंथॉलचा गारवा आणि कातडीला होणारी चुरचुर यांनी मेंदूचं लक्ष वेदनेवरून काही काळ दुसरीकडे वळतं. जर्मनीत 1996 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पुदिन्याच्या जातीतल्या पेपरमिंटचं दहा टक्के तेल कपाळाला लावलेल्या लोकांना ताणाच्या डोकेदुखीत पॅरासिटामॉलच्या 1000 मिलिग्रॅमइतकाच उतार पडला. तेव्हा ह्यांच्या कपाळाला जरूर लावा. प्रश्न माझ्या कपाळाचा आहे. मायग्रेनमध्ये उजेड आणि आवाजाइतकाच वाससुद्धा सहन होत नाही. मी अंधाऱ्या खोलीत, तोंडावर ओली पट्टी टाकून, कोणाचंही काही न बिघडवता पडलेली असते. दार उघडतं. दिवा लागतो. आत्याबाई आत येतात, कारण त्यांना माझी काळजी आहे. त्या बामाची बाटली उघडतात आणि चार बोटं भरून माझ्या कपाळावर, कानशिलावर, आणि उरलेला नाकाखाली फासतात. थोडा डोळ्यात जातो. डोळ्यातून पाणी आलेलं पाहून त्यांना समाधान वाटतं की आता उतरतंय. वर लसणाच्या फोडणीचा वास येत असतो, कारण मी पडल्यामुळे स्वयंपाक दुसऱ्या कोणाला तरी करावा लागतो आहे, आणि तो फोडणीपासूनच सुरू होतो. एवढ्या प्रेमाविरुद्ध तक्रार कुठे नोंदवायची, ते मला सापडलेलं नाही.

मायग्रेनला खरा उपयोग कशाचा होतो, तर वेळेचा. झटका सुरू होताच पुरेशा मात्रेत गोळी घ्यायची. झटक्यात पोटाचं काम मंदावतं, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी तिथेच पडून राहते किंवा उलटीबरोबर बाहेर येते. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा उलटी थांबवणारं औषध जोडीला देतात. साध्या वेदनाशामकाने भागत नसेल तर ट्रिप्टान गटातली औषधं आहेत. ती खास मायग्रेनसाठी काढलेली, पण हृदयविकार असणाऱ्याला चालत नाहीत. महिन्यातून चार-पाच दिवस किंवा जास्त जात असतील तर झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायची औषधं असतात. प्रोप्रानोलोल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट अशी त्यांची नावं. कोणाला दमा आहे, कोणी गरोदर आहे, कोणाचं वजन वाढतंय, त्यावर निवड ठरते. गुण यायला दोनेक महिने लागतात. आमच्याकडे औषधाला द्यायची मुदत सरासरी परवापर्यंत असते.

यावर गावात दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, गोळी वाईट. आधी सोसून बघावं, अगदीच जीव जायला लागला तर बघू. हा पंथ बायकांसाठी आहे. दुसरा पंथ गोळी शेंगदाण्यागत खातो. आमच्या समोरच्या आजींच्या कनवटीला पैसे नसतील, पण पॅरासिटामॉल आणि कॅफीनच्या मिश्रणाची पट्टी असते. सकाळी उठलं की डोकं जड, मग चहा आणि गोळी, दुपारी पुन्हा. गोळीने बरं वाटतं आणि गोळी उतरली की दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. याला औषधाच्या अतिवापराची डोकेदुखी असं नाव आहे. साधं पॅरासिटामॉल महिन्यातून 15 दिवस, किंवा मिश्रणाच्या गोळ्या आणि ट्रिप्टान 10 दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळीच डोकं दुखवायला लागते. सप्टेंबर 2018 मध्ये केंद्र सरकारने 328 मिश्र औषधांवर बंदी घातली तेव्हा त्यात सॅरिडॉनही होती. त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने तिच्या विक्रीला मोकळीक दिली. त्या दिवसांत आजी कोर्टाच्या बातम्या फार लक्ष देऊन ऐकत असत.

यावर उपाय म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती गोळी बंद करणं. पहिले काही दिवस डोकं जास्तच दुखतं, हे आधी सांगावं लागतं. आजींना सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांची पदवी खोटी असल्याचं आळीभर सांगितलं आणि पट्टी परत आणली.

बाकीचे प्रकार भराभर उरकते. शिरवळच्या कारखान्यांतून शिफ्ट करून येणारी तरुण मुलं पित्त म्हणत नाहीत, ती सुधारलेली आहेत. ती 'सायनस' म्हणतात. खऱ्या सायनसच्या दुखण्यात नाकातून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड येतो, ताप येतो, वास कळेनासा होतो. नुसतं गाल-कपाळ दुखून नाकातून पाणी येत असेल तर पुष्कळदा तो मायग्रेनच निघतो. चष्म्याचा नंबर हे निदान शाळकरी पोरांसाठी राखीव आहे. बीपी हे साठीच्या पुढच्यांसाठी. प्रत्यक्षात थोडंफार वाढलेलं बीपी डोकं दुखवत नाही, आणि म्हणूनच डोकं दुखत नाही तेव्हाही ते मोजायचं असतं.

क्लस्टर नावाचा एक भयंकर प्रकार आहे. एका डोळ्यामागे भोसकल्यासारखं दुखतं, तोच डोळा लाल होऊन वाहतो, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते. पाव तास ते तीन तास चालतं, दिवसातून अनेकदा, पुष्कळदा रात्री ठरावीक वेळेला, असं काही आठवडे. मायग्रेनवाला पडून राहतो; याला बसवत नाही, तो येरझाऱ्या घालतो. पुरुषांत जास्त दिसतो. मास्कमधून भरपूर शुद्ध ऑक्सिजन पंधरा मिनिटं दिला की बऱ्याच जणांचं थांबतं. दवाखान्यातला ऑक्सिजन, हायवेच्या वेल्डिंगवाल्याकडचा नव्हे. अशी सूचना करणारा एक गृहस्थ दळणाला येतो, म्हणून लिहिलं.

आणि हेल्मेट. भोर-पुणे येजा करणारा प्रत्येक पुरुष मला सांगून गेला आहे की हेल्मेटने त्याचं डोकं दुखतं. मला यात त्यांना खोटं पाडायचं होतं. पण घट्ट हेल्मेट किंवा गॉगलच्या दाबाने दुखणारं डोकं त्या आंतरराष्ट्रीय यादीत खरोखर आहे, चौथ्या प्रकरणात. काढल्यावर तासाभरात ते थांबतं आणि मापाचं हेल्मेट घेतलं तर सुरूच होत नाही. डोक्याला मार लागून होणारी डोकेदुखी पाचव्या प्रकरणात आहे. दोन्हींतलं कोणतं प्रकरण हवं, हे ज्याने त्याने कापूरहोळच्या चौकात पोचायच्या आधी ठरवावं.

पुण्याच्या डॉक्टरांनी मला वही ठेवायला सांगितली आहे. तारीख, किती वाजता सुरू झालं, कुठे, ठणका होता का, आधी काय खाल्लं किंवा खाल्लं नाही, झोप, पाळी, कोणती गोळी आणि किती वाजता. दोन महिन्यांची वही पाहिली की कोणीही मन लावून वाचणारा प्रकार सांगू शकतो. आमच्या घरी ही वही माहेरी दाखवायला लिहिलेली आहे असा समज आहे. त्यामुळे ती सगळे जण चोरून वाचतात, आणि संकष्टीच्या तारखांपुढे काय लिहिलंय ते पाहून मला आता दुपारी केळं आणि दूध मिळतं. औषधाइतकाच वहीचाही गुण आहे.

शेवटी गिऱ्हाइकांना एक विनंती, आणि ही थट्टेत घेऊ नये. आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं डोकं एका क्षणात फुटल्यागत दुखलं. तापाबरोबर दुखलं आणि मान वाकेना. दुखताना तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हात किंवा पाय लुळा पडला, एकाचं दोन दिसू लागलं, फेफरं आलं. डोक्याला मार लागल्यावर दुखणं आणि उलट्या वाढत गेल्या. किंवा गरोदरपणात दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते पित्त नाही. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः कानशील दुखरं लागत असेल आणि चावताना जबडा भरून येत असेल तर, त्याच दिवशी दाखवा. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. बाकीच्या प्रसंगी 108 ला फोन करा, गाडी फुकट येते. दळण राहू द्या, डब्यावर नाव लिहून मी घरी पोचवीन.